दोरीच्या जुन्या आऊटबोर्डवर बॅटरी चार्जिंग कसं बसवायचं

दिवाळे, सारसोळे, ऐरोली, विटावा, चेंदणी, कुठल्याही बंदरावर गेलात तरी दोरी ओढून सुरू होणारी ८ ते १५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगलेली, इंजिनं दिसतील. इंजिन जुनं, पण ठणठणीत. होडीवर आता एलईडी दिवे आले, जीपीएस आला, मोबाईल चार्ज करायचा असतो, आणि बॅटरी मात्र दर दोन दिवसांनी खांद्यावर टाकून घरी न्यावी लागते. इंजिन चालू असतानाच बॅटरी चार्ज व्हावी ही मागणी रास्त आहे. बऱ्याच इंजिनांवर ती पुरीही करता येते, कारण कंपनीने त्याची जागा मूळ रचनेतच ठेवलेली असते.

एक गोष्ट आधी स्पष्ट असू द्या. हे चार्जिंग दिव्यांपुरतं आणि छोट्या उपकरणांपुरतं आहे. यावर सेल्फ स्टार्टर चालवायची किंवा इन्व्हर्टर लावून पंखा फिरवायची अपेक्षा ठेवली तर निराशाच पदरी पडेल.

आधी हिशेब, मग पाना

८ ते १५ हॉर्सपॉवरच्या इंजिनांवरची लायटिंग कॉइल, म्हणजे इंजिन फिरताना दिव्यांसाठी वीज तयार करणारी कॉइल, साधारण ६० ते ८० वॅटची असते. म्हणजे १२ व्होल्टला ५-६ अँपिअर. पण हा आकडा इंजिन पूर्ण वेगात असतानाचा. ठाण्याच्या खाडीत पूर्ण वेगाने किती वेळ जाता येतं? ओहोटीला चिखल वर येतो, जाळ्यांचे खुंट चुकवावे लागतात, ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगोंमुळे वेग कमीच ठेवावा लागतो. अशा चालीत कॉइलकडून सरासरी दीड-दोन अँपिअर मिळाले तरी पुष्कळ. आयडलवर तर एक अँपिअरही मिळत नाही.

आता खर्च बघा. मागचा पांढरा दिवा ३ वॅट, लाल-हिरवा मिळून ३ वॅट, कामाचा एलईडी १० वॅट, जीपीएस-फिशफाइंडर ५ वॅट. एकूण २१ वॅट, म्हणजे पावणेदोन अँपिअर. सहा तासांत साडेदहा अँपिअर-तास गेले. जाऊन-येऊन दोन तास इंजिन चाललं तर परत आले जेमतेम तीन-चार. रोजची तूट सातेक अँपिअर-तासांची. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली असेल तर तिसऱ्या रात्री ती निम्म्याच्या खाली जाईल, आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली गेली की लवकर बसते.

म्हणून कॉइल बसवायच्या आधी ५५ वॅटचा हॅलोजन काढून एलईडी लावा. त्या एकाच बदलाने चार अँपिअर वाचतात. कॉइलमधून एवढे मिळवायला इंजिन जवळजवळ पूर्ण थ्रॉटलला ठेवावं लागेल. आणि कॉइल बसवल्यावरही आठवड्यातून एकदा-दोनदा घरच्या चार्जरला बॅटरी लावायची तयारी ठेवा. ते नको असेल तर कॉइलच्या जोडीला ४० वॅटचं सोलर पॅनेल लावा. उन्हाळ्यात दिवसाला ते ८-९ अँपिअर-तास सहज देतं.

तुमच्या इंजिनाला हे जमतं का

झाकण काढा, वरचा दोरीचा स्टार्टर सोडवा. खाली फ्लायव्हील दिसेल, मेकॅनिक ज्याला मॅग्नेट म्हणतात ते. त्याच्या आत कॉइल प्लेट असते आणि तिच्यावर इग्निशनच्या कॉइल. फ्लायव्हीलला वर खिडक्या असतील तर टॉर्च मारून आत बघा. प्लेटवर कॉइल बसेल असे रिकामे उंचवटे आणि त्यांत आटे पाडलेली भोकं दिसली, तर लायटिंग कॉइलची जागा तीच.

कधीकधी कॉइल आधीच बसवलेली असते आणि तिच्या दोन वायरी टोपी घालून नुसत्या गुंडाळून ठेवलेल्या असतात. यामाहावर त्या बहुधा हिरव्या आणि हिरव्या-पांढऱ्या, मर्क्युरी आणि जॉन्सनवर पिवळ्या घराण्यातल्या. पण चाळीस हात फिरलेल्या इंजिनात रंगावर भिस्त ठेवू नका, मोजून खात्री करा. इग्निशनला वीज देणारी चार्ज कॉइल वेगळी असते. तिच्यावर शे-दोनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त येतात, आणि तिला बॅटरी जोडली तर इंजिनाचा स्पार्क जाईल.

जागा आहे पण कॉइल नाही, अशा वेळी मॉडेल नंबर घेऊन त्याच इंजिनाची कॉइल शोधा. जुना माल मुंबईच्या दारूखाना भागातल्या भंगार बाजारात मिळू शकतो. फ्लायव्हीलमध्ये चुंबकं पूर्ण परिघावर आहेत की एका बाजूलाच, तेही पार्ट नंबरवरून पडताळून घ्या. काही मॉडेलांत दिव्यांच्या आवृत्तीचं फ्लायव्हील वेगळं असतं. प्लेटवर जागाच नसेल तर मोटारसायकलची कॉइल कापून-वेल्ड करून बसवायच्या फंदात पडू नका. मिलिमीटरच्या अंतरावर काही किलोचं लोखंड मिनिटाला पाच हजार वेळा फिरतं तिथे. सरळ सोलर लावा.

काय काय लागेल

लायटिंग कॉइल आणि तिचे मूळ स्क्रू. फुल-वेव्ह सिंगल फेज रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे कॉइलच्या एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारं युनिट. ब्लेड फ्यूज होल्डर आणि १० अँपिअरचे चार फ्यूज. २.५ चौरस मिमीची मल्टीस्ट्रँड वायर, टिन केलेली मिळाली तर उत्तम. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, मल्टीमीटर, फ्लायव्हील पुलर, टॉर्क पाना, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद), आणि १२ व्होल्ट २१ वॅटचे इंडिकेटरचे चार बल्ब. बल्ब कशाला, ते पुढे येईल.

रेग्युलेटरबद्दल थोडं सविस्तर, कारण चुकीचा माल सर्वात जास्त इथेच घेतला जातो. गॅरेजमध्ये मागितलं की मोटारसायकलचं आरआर युनिट हातात देतात. जुन्या १०० सीसी गाड्यांचं चार वायरींचं युनिट बहुतेक वेळा हाफ-वेव्ह, म्हणजे एसीची निम्मीच लाट वापरणारं, असतं. त्याची जोडणी कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ आहे असं धरून केलेली असते. आपल्याला नको ते. ज्याला एसीच्या दोन वायरी, एक प्लस आणि एक मायनस आहे, ते हवं. तीन पिवळ्या वायरींचं थ्री फेज युनिट हाताशी असेल तर त्यातल्या दोन वापरून तिसरी इन्सुलेट करून ठेवली तरी चालतं.

दुसरा, स्वस्त मार्ग म्हणजे नुसता ब्रिज रेक्टिफायर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा संच. केबीपीसी ३५१०, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो, ३५ अँपिअर आणि १००० व्होल्टचा. त्याची एक पट्टी बाकीच्या तिघींपेक्षा आडवी वळलेली असते, ती प्लस. तिच्या तिरक्या समोरची मायनस. उरलेल्या दोन एसी, त्या कशाही जोडा. हा रेक्टिफायर व्होल्टेज आवरत नाही, जेवढं येईल तेवढं बॅटरीत ढकलतो. पाणी घालायची साधी बॅटरी मोठी असेल, ६० अँपिअर-तास किंवा वर, तर ती हे सोसते. डिस्टिल्ड वॉटर मात्र वरचेवर बघावं लागतं. सीलबंद बॅटरीला हे चालत नाही, ती फुगते. लिथियम फॉस्फेट बॅटरीला तर नुसता रेक्टिफायर अजिबात लावू नका. आमचं मत विचाराल तर नवख्याने चार पैसे जास्त घालून रेग्युलेटरवालंच युनिट घ्यावं.

ब्रिज लावणारच असाल तर उष्णतेचा विचार करा. करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो, दोघांत मिळून दोनेक व्होल्ट पडतात. सहा अँपिअरला बारा वॅट उष्णता झाली. तळहाताएवढ्या, ३ मिमी जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मल पेस्ट लावून तो बोल्टने आवळा. फायबरच्या होडीला किंवा लाकडाला नुसता स्क्रूने ठोकला तर तासाभरात जाईल.

फ्लायव्हील काढणं

अवघड म्हणावं असं काम एवढंच. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढलेली असते, इंजिन स्टँडवर असतं, तेव्हाच हे उरका. धक्क्यावर हेलकावणाऱ्या होडीत केलंत तर कॉइलचा एखादा स्क्रू खाडीला अर्पण झालाच म्हणून समजा.

पेट्रोलची टाकी सोडवून दूर ठेवा. प्लगच्या टोप्या काढा. फ्लायव्हील धरायला बेल्टचा पाना किंवा कंपनीचा होल्डर वापरा. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरून पिस्टन अडवायची पद्धत टू-स्ट्रोकला धोक्याची, कारण दोरी पोर्टमध्ये अडकून कापली जाते आणि तुकडा आत राहतो.

नट सैल करा पण पूर्ण काढू नका. शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतपत ठेवा, म्हणजे पुलरचा दाब आट्यांवर येणार नाही. पुलर असा घ्या की त्याचे तीन बोल्ट फ्लायव्हीलच्या मधल्या भागातल्या आट्यांत बसतील. बाहेरच्या कडेला पकडणारा तीन नख्यांचा बेअरिंग पुलर लावला तर फ्लायव्हील वाकतं किंवा आतली चुंबकं सुटतात. तिन्ही बोल्ट सारखे आत घाला, मधला बोल्ट आवळा आणि त्याच्या डोक्यावर हातोडीने एक नेमका ठोका द्या. टक् असा आवाज येऊन फ्लायव्हील सुटतं. नाही सुटलं तर आणखी थोडं आवळा, पुन्हा ठोका. कडेवर हातोडी मारायची नाही, आणि ब्लो टॉर्च तर लांबच ठेवा.

फ्लायव्हील उचलताना शाफ्टच्या खाचेतली ‘की’ (अर्धचंद्राकृती लोखंडी पाचर) पडू शकते. ती लगेच डबीत ठेवा. फ्लायव्हील टेबलावर चुंबकं वर करून ठेवा आणि आत बघा. लोखंडाचा कीस, पडलेला वॉशर, काहीही चिकटलेलं असतं. ते पुसून काढल्याशिवाय परत बसवू नका.

कॉइल बसवणं

उंचवट्यांवरचा पांढरा क्षार आणि गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. कॉइल बसवा, तिच्या पत्र्यांच्या गठ्ठ्याची बाहेरची कड उंचवट्यांच्या कडेशी जुळते का बघा. स्क्रूंना निळं थ्रेडलॉक लावा. लाल लावलंत तर पुढच्या वेळी कॉइल काढताना स्क्रूचं डोकं तुटेल.

वायरी नेताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली, फ्लायव्हीलच्या खालच्या कडेला वायर कुठेही लागता कामा नये. दुसरी नवख्यांच्या लक्षात येत नाही. पुष्कळ जुन्या इंजिनांत थ्रॉटल फिरवला की कॉइल प्लेट सुद्धा फिरते, टायमिंग पुढे-मागे करण्यासाठी. वायर ताणून बांधली तर पंधरा दिवसांत ती प्लेटच्या कडेवर घासून उघडी पडते किंवा मुळातून तुटते. म्हणून इग्निशनच्या जुन्या वायरी ज्या वाटेने गेल्यात त्याच वाटेने नवीन न्या, त्यांच्याइतकीच ढील द्या, आणि फ्लायव्हील बसवायच्या आधी थ्रॉटल या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवून डोळ्यांनी बघा.

मग शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक थिनरने कोरडं करा. तिथे ग्रीस किंवा तेल नको. फ्लायव्हीलची पकड त्या कोरड्या निमुळत्या बसणीतच असते, ‘की’ फक्त जागा दाखवते. ‘की’ बसवा, फ्लायव्हील ठेवा, नट तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा. ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेलं फ्लायव्हील हलतं, ‘की’ कापली जाते, टायमिंग जातं आणि दोरी ओढताना इंजिन हाताला झटका देतं. नंतर हाताने सावकाश दोन-तीन फेऱ्या द्या. कुठेही खरखर लागली तर परत उघडा.

जोडण्याआधी दोन मोजमापं

मल्टीमीटर ओहमवर ठेवून कॉइलच्या दोन वायरींमध्ये मोजा. एक-दीड ओहमच्या आत आकडा यायला हवा. मग एक-एक वायर आणि इंजिनाची बॉडी यांच्यात मोजा. इथे काहीच दाखवू नये, म्हणजे शून्य नव्हे, तर जोड नसल्याची खूण. दाखवत असेल तर कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ आहे, किंवा इन्सुलेशन गेलंय.

याला महत्त्व का? कॉइलचं टोक बॉडीला आणि बॅटरीचं मायनसही बॉडीला असेल, तर ब्रिजमधला एक डायोड दर अर्ध्या फेरीत कॉइलला शॉर्ट करतो. चार्जिंग निम्मं होतं, कॉइल आणि डायोड तापत राहतात. वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून हा दोष शोधायला लोक महिना घालवतात. अर्थ केलेलं टोक सुटं करता येत असेल तर करा.

आता बल्ब. इंजिन पाण्याच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये लावून सुरू करा. कोरडं अर्धा मिनिटही चालवू नका, पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर जळतो. ड्रममध्ये गिअर न्यूट्रलला ठेवा. कॉइलच्या दोन वायरींवर एक बल्ब लावा, थोडा थ्रॉटल द्या. उजळला की त्याच्या शेजारी समांतर दुसरा, मग तिसरा, मग चौथा. चार बल्ब म्हणजे ८४ वॅट. मध्यम वेगाला किती बल्ब नीट पेटतात यावर तुमची कॉइल खरोखर किती वॅट देते ते कळतं. दोनच पेटत असतील तर ४० वॅट धरून वरचा हिशेब नव्याने मांडा.

वायरिंग

कॉइलच्या दोन वायरी रेग्युलेटरच्या एसीला. रेग्युलेटरचं प्लस फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला, मायनस थेट बॅटरीच्या मायनसला. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून एका वितीच्या आत हवा. शॉर्ट झाला तर आग लावणारा करंट बॅटरीतून येतो, कॉइलमधून नाही. फ्यूज इंजिनाकडे लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते.

२.५ चौरस मिमीच्या वायरीने इंजिनापासून बॅटरी चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा अँपिअरला एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास पडतो. चालेल. त्याहून लांब असेल तर ४ चौरस मिमी घ्या.

सेल्फ स्टार्ट नसलेल्या इंजिनाची बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडू नका. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या ॲल्युमिनियमच्या पायातून भटका करंट गेला की धातू खायला लागतो, आणि हे वर्षभराने लक्षात येतं. काही रेग्युलेटरची खोकीच मायनसला जोडलेली असते, तेव्हा मल्टीमीटरने बघा आणि तसं असेल तर ते इंजिनावर न आवळता होडीच्या फळीवर ॲल्युमिनियमची पट्टी घालून लावा, हवा लागेल अशा जागी.

प्रत्येक थिंबल क्रिम्प करून वर गोंदवाली स्लीव्ह चढवा. नुसतं पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड एका उधाणाच्या भरतीतही टिकत नाही. आत हिरवा गंज धरतो. बॅटरी झाकणाच्या खोक्यात ठेवा, खोक्याला वर हवेची भोकं, पट्ट्याने आवळलेली, पेट्रोलच्या टाकीपासून लांब. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बॅटरीत खारं पाणी शिरलं तर क्लोरीनही निघू शकतो, म्हणून होडीच्या तळात, जिथे पाणी साचतं तिथे, बॅटरी नको.

पहिली चाचणी आणि नेहमीचे घोटाळे

इंजिन बंद असताना बॅटरीचं व्होल्टेज लिहून ठेवा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन आयडलवर आणा, आकडा किंचित वर सरकेल किंवा तिथेच राहील. वेग वाढवा, तो १३.५ ते १४.४ च्या दरम्यान जायला हवा. ड्रममध्ये न्यूट्रलला इंजिन फार रेस करू नका, पूर्ण वेगाची चाचणी खाडीत घ्या. १४.८ च्या पुढे गेला तर थांबवा. रेग्युलेटर काम करत नाही किंवा त्याचं मायनस सैल आहे.

आकडा हललाच नाही तर आधी फ्यूज, मग थिंबल, मग बॅटरी. बल्ब पेटत होते आणि आता चार्जिंग नाही, म्हणजे कॉइल बरी आहे, दोष पुढे आहे. ब्रिज काढून मल्टीमीटरच्या डायोड खुणेवर तपासा: प्रत्येक एसी पट्टीकडून प्लसकडे एका दिशेने ०.४ ते ०.६, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे शून्य दाखवणारा डायोड शॉर्ट झालाय. तो बहुतेक वेळा दोन कारणांनी जातो. बॅटरी उलटी जोडली, किंवा इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढली. दुसऱ्यात कॉइलला करंट द्यायला जागाच उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि आधी रेग्युलेटर, मग जीपीएस जातो. चालत्या इंजिनावर बॅटरी सोडवायची नाही, हे होडीवरच्या प्रत्येक खलाशाला सांगून ठेवा.

नवीन कॉइल बसवल्यावर इंजिन सुरूच होत नसेल तर शंका चार्जिंगवर घेऊ नका. किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर फ्लायव्हीलखाली किंवा स्टार्टरच्या बोल्टखाली चेपली असेल, किंवा ‘की’ खाचेतून सटकली असेल. इंजिन गरम झाल्यावर वरून टिकटिक ऐकू आली तर कॉइल चुंबकाला लागतेय, लगेच बंद करा.

बंदीच्या दोन महिन्यांत बॅटरी पूर्ण चार्ज करून घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावा. रेग्युलेटरचं युनिट इंजिनावरच राहिलं तरी त्याच्या कनेक्टरमध्ये थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरून ठेवा. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात उतरवताना पहिला त्रास तिथेच होतो.